क्रेस्टिन

क्रेस्टिन अर्थात पॉलिसॅकराइड-के हे ट्रॅमेटीस व्हर्सिकलर या अळंबीच्या कवकजालापासून जपानमध्ये विकसित झालेले औषध आहे. ही अळंबी वठलेल्या खोडांवर रंगीत पट्ट्यांच्या पंख्यांसारखी वाढते. प्रथिनाशी बद्ध असलेले बीटा-ग्लुकान हा औषधाचा मुख्य घटक. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीस चालना देतो, असे मानले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोग अन्य अवयवांत पसरण्याचे प्रमाण त्याने घटल्याचे आढळले.

जपानने १९७७ मध्ये या औषधास मान्यता दिली. १९८९ मध्ये मात्र त्याचा वापर रासायनिक उपचारांच्या जोडीनेच करण्याचे बंधन घातले. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या २६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मायटोमायसिन व फ्लुरोयुरॅसिल यांसोबत क्रेस्टिन घेणाऱ्यांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७३ टक्के, तर केवळ ती दोन औषधे घेणाऱ्यांत ६० टक्के होते. शस्त्रक्रिया व रासायनिक उपचार दोन्ही गटांना मिळाले होते, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्रेस्टिनला कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. तेथे या अळंबीच्या गोळ्या पूरक आहार म्हणून विकल्या जातात. त्या म्हणजे चाचणीतील अर्क नव्हे.