जुन्या गाभ्यांतील नव्या दुरुस्त्या : लिनक्सच्या इतिहासातील एक प्रकरण

लिनक्सच्या नव्या आवृत्तीतील दुरुस्ती जुन्या, स्थिर मानलेल्या गाभ्यात (कर्नलमध्ये) नेण्याच्या प्रथेस बॅकपोर्टिंग म्हणतात. ‘प्रत्यानयन’ असा प्रतिशब्द सुचतो. परंतु रूढ शब्द मोडून काही साधावयाचे नाही. पाठचिकित्सक उत्तरकालीन पोथ्यांवरून पूर्वपाठाकडे जातो. येथे मात्र उत्तरकालीन पाठच जुन्या पोथीत उतरवावयाचा असतो, आणि त्या पोथीवर असंख्य यंत्रे चालू असतात.

या प्रथेची निकड २.४ मालिकेच्या काळात विशेष जाणवली. ही मालिका जानेवारी २००१ मध्ये निघाली; पुढील स्थिर मालिका २.६ येण्यास डिसेंबर २००३ उजाडला. दरम्यान विषम क्रमांकाच्या २.५ या विकास-आवृत्तीतील पुष्कळसे काम वितरकांनी आपापल्या २.४ मध्ये उतरवून घेतले, आणि एकाच क्रमांकाचे परंतु परस्परभिन्न असे अनेक पाठ प्रचारात आले. मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनी स्थिर शाखा सुरू केली. दुरुस्ती संदर्भाच्या ओळींसह शंभर ओळींहून मोठी नसावी, तिने एकच दोष निवारावा, आणि ती लिनस टॉर्व्हाल्ड्स यांच्या मुख्य पाठात आधी स्वीकृत झालेली असावी, असे नियम या शाखेत रूढ झाले.

यंत्रभागांशी व्यवहार करणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाबतीत काही दुरुस्त्या अगदी निरुपद्रवी असतात. यूएसबी उपकरण आपला परिचय उत्पादक व उत्पादन यांच्या दोन सोळा-बिटी क्रमांकांनी देते. ड्रायव्हरच्या कोष्टकात तेवढी एक ओळ घातली की पुष्कळदा जुना गाभा नवे उपकरण ओळखू लागतो. नियमांतही यास मुभा आहे. हे कोशात एक नोंद वाढवण्यासारखे झाले.

व्याकरणच बदलले असेल तर काम अवघड होते. गाभ्याचे अंतर्गत संकेत स्थिर ठेवण्याचे बंधन लिनक्सने बुद्ध्याच पत्करलेले नाही. मुदत संपताच टायमर ज्या फंक्शनला बोलावतो, त्याच्या हाती पूर्वी एक पूर्णांक पडे. जानेवारी २०१८ मधील ४.१५ पासून खुद्द टायमरचाच पत्ता पडू लागला. नव्या संकेतानुसार लिहिलेली दुरुस्ती ४.९ मध्ये जशीच्या तशी चालत नाही. अशा सार्वत्रिक रूपांतरांसाठी ज्यूलिया लॉवॉल व त्यांचे सहकारी यांनी कॉक्सिनेल हे साधन घडविले. ते ओळींची नव्हे, तर रचनेची तुलना करते. भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे असे ते आहे.

तथापि कंपायलरने अडवलेली चूक ही चुकीची सौम्य जात होय. खरे भय निर्विघ्न बसणाऱ्या दुरुस्तीचे. २०२३ च्या अखेरीस ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइलप्रणालीची एक दुरुस्ती आणली गेली. (हा ड्रायव्हर नव्हे, परंतु धोका तोच.) मुख्य पाठात ती दुसऱ्या एका आधीच्या बदलावर विसंबून होती, आणि तो बदल ६.१ मध्ये नव्हता. परिणामी थेट लेखनानंतर फाइलमधील स्थान यथायोग्य पुढे सरकेना, व पुढील मजकूर भलत्या जागी लिहिला जाऊ लागला. मुख्य पाठात आधी स्वीकृती हवी, ही अट येथे पुरेपूर पाळली गेली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे; ती अट दुरुस्तीची शुद्धता पाहते, तिचा पूर्वसंदर्भ नव्हे. डेबियनने १२.३ चे वितरण रोखले, ६.१.६६ मध्ये दोष काढला गेला, आणि १० डिसेंबर २०२३ रोजी थेट १२.४ प्रसिद्ध झाली.