उमेदवाराचं शपथपत्र फुकट मिळालेलं नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

आपल्या आमदाराची जमीन किती, फ्लॅट किती, कर्ज किती, त्याच्यावर कुठल्या पोलीस ठाण्यात कुठल्या कलमाखाली केस आहे, हे आज कुणीही मोबाईलवर बघू शकतो. टपरीवर त्यावरून गप्पाही रंगतात. पण २००२ च्या आधी ही माहिती मागायचा हक्कच मतदाराला नव्हता. आणि तो हक्क कुठल्या पक्षाने दिला असं समजू नका. कोर्टाने दिला, आणि सगळे पक्ष एकत्र येऊन तो काढून घ्यायला निघाले होते.

सुरुवात थोडी मागून करू. १९७१ ला रायबरेलीत इंदिरा गांधींकडून हरलेले राजनारायण अलाहाबाद हायकोर्टात गेले. १२ जून १९७५ ला न्या. जगमोहनलाल सिन्हांनी निवडणूक रद्द केली आणि १३ दिवसांत आणीबाणी आली, हे सगळ्यांना माहीत आहे. याच खटल्याचं एक पोटभांडण मात्र फारसं कुणी सांगत नाही. पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या नियमांची एक सरकारी पुस्तिका होती. राजनारायण यांनी ती कोर्टात मागवली. उत्तर प्रदेश सरकार म्हणालं, गोपनीय आहे. वाद सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी १९७५ च्या त्या निकालात न्या. के. के. मॅथ्यू यांनी लिहून ठेवलं की सत्तेवरची माणसं लोकांच्या वतीने जे करतात, ते जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. या वाक्याने पुढे फार मोठं काम केलं.

आता येऊ १९९९ ला. राजकारणातली गुन्हेगारी हा तेव्हा नवा विषय नव्हता. १९९३ च्या व्होरा समितीने गुन्हेगार, नोकरशहा आणि पुढारी यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवलं होतं. १९९९ ला विधी आयोगाने उमेदवारांची माहिती जाहीर करा अशी शिफारस केली. अहवाल आला आणि कपाटात गेला. मग अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक उठले, एडीआर नावाची संस्था काढली आणि दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका टाकली. मागणी साधी होती. उमेदवार कोण आहे ते मतदाराला आधी कळू द्या.

हायकोर्टाने नोव्हेंबर २००० मध्ये मागणी मान्य केली. केंद्र सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे २ मे २००२ ला निकाल लागला: केसेस, मालमत्ता, देणी, शिक्षण, सगळं अर्जासोबत शपथेवर लिहून द्यायचं. कोर्टाचा आधार राज्यघटनेचं कलम १९ होता. मत देणं म्हणजे आपलं म्हणणं मांडणं, आणि माहितीच नसेल तर माणूस म्हणणं काय मांडणार? राजनारायण खटल्यातला तो जाणून घ्यायचा हक्क इथे कामाला आला.

निवडणूक आयोगाने जूनमध्ये आदेश काढला. जुलैमध्ये सर्वपक्षीय बैठक झाली. एरवी सभागृहात एकमेकांचे माईक ओढणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात बोलले, हा आदेश चालणार नाही. वाजपेयी सरकारने वटहुकूम आणला. नुकतेच राष्ट्रपती झालेल्या डॉ. कलाम यांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळाने आहे तसाच पुन्हा पाठवला, तेव्हा मात्र त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदाही झाला. त्यातलं कलम ३३ ब काय सांगत होतं? कोर्टाचा निकाल किंवा आयोगाचा आदेश काहीही असो, या कायद्यात आहे तेवढीच माहिती उमेदवाराने द्यायची. मालमत्तेचा तपशील निवडून आल्यावर सभापतींकडे द्यायचा. म्हणजे मत देऊन झाल्यावर!

१३ मार्च २००३ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३३ ब घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून शपथपत्र टिकून आहे.

हे एकदाच घडलं असतं तर सोडून दिलं असतं. पण १९७४ ला कोर्ट म्हणालं, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या मर्यादेत धरा. त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला गेला. पुढे २००३ ला ती पळवाट थोडी अरुंद झाली, पण पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची आहे, आणि तिच्यावर किती लोकांचा विश्वास आहे ते तुम्हीच सांगा.

जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात कोर्टाने सांगितलं की दोन वर्षांची शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराला अपील केलं म्हणून पद टिकवता येणार नाही. तेव्हाच्या काँग्रेस आघाडी सरकारने लगेच वटहुकूम तयार केला. राहुल गांधींनी तो जाहीरपणे फेटाळला आणि सरकारला मागे घ्यावा लागला. पुढे २०२३ ला याच निकालामुळे त्यांची स्वतःची खासदारकी गेली आणि सुप्रीम कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिल्यावर परत मिळाली.

त्यानंतर निवडणूक रोखे आले. पक्षाला पैसे कोणी दिले हे मतदाराला कळणार नाही अशी ती योजना. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने ती रद्द केली. कारण तेच, मतदाराचा जाणून घ्यायचा हक्क.

बघा, प्रत्येक वेळी सत्तेत पक्ष वेगळा होता. काँग्रेस होती, भाजप होता. पण मतदाराला माहिती द्यायची वेळ आली की सत्तेत बसलेल्याचा हात आखडतो. त्यामुळे आपला तो बाब्या म्हणायची इथे सोय नाही.

आणि लढाई संपलेली नाही. खोटं शपथपत्र दिलं तर शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. पद जायला दोन वर्षांची शिक्षा लागते, म्हणजे या शिक्षेने पद आपोआप जात नाही. विधी आयोगाने २०१४ लाच सांगितलं की ही शिक्षा किमान दोन वर्षं करा. तो अहवालही कपाटातच आहे.

आता आपलं काय? २०१८ पासून केसेस असलेल्या उमेदवाराला त्यांची जाहिरात तीनदा पेपरात द्यावी लागते. आमच्या धंद्यातला अनुभव सांगतो, ती जाहिरात वाचणारा वाचक विरळा. लोक थेट राशिभविष्याकडे वळतात.

पुढच्या निवडणुकीत एवढं करा. शपथपत्र आयोगाच्या साईटवर असतं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावरही लावलेलं असतं. नगरपालिका आणि झेडपीच्या उमेदवारांनाही ते द्यावं लागतं. केसेस किती हे मोजू नका, कलमं वाचा. गुन्हा दाखल झाला म्हणजे माणूस दोषी ठरत नाही, आणि रास्ता रोकोची केस वेगळी, फसवणुकीची वेगळी. उभा राहणारा जुना असेल तर मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. मालमत्ता किती वाढली आणि उत्पन्नाचा मार्ग काय लिहिलाय, ते ताडून बघा. २०१३ च्या निकालानंतर रकाने रिकामे सोडता येत नाहीत, ते दिसले तर हरकत घ्या.

आणि प्रचाराला दारात येईल त्याला त्यातलाच एक प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा, कुठल्याही पक्षाचा असो.