कर्णा आणि कान

सभेत खांबावर बांधलेल्या भोंग्याला आपण कर्णा म्हणतो. हा शब्द विजेहून जुना आहे. तोंडाशी पसरत गेलेले लांब, सरळ पितळी वाद्य म्हणजे कर्णा. शिंग आणि तुतारी ही त्याची भावंडे. पुढे ग्रामोफोनच्या भोंग्याला हेच नाव मिळाले आणि मग ध्वनिक्षेपकाला. नाव टिकले, कारण तत्त्व टिकले. अरुंद गळ्यातून निघालेला आवाज हळूहळू रुंदावत नेला, की बाहेरची हवा त्याला नीट पकडते आणि थोड्या श्रमात तो दूर जातो. हे तत्त्व विसरून केवळ विजेच्या जोरावर आवाज वाढवण्याची जी चाल हल्ली पडली आहे, ती खिशाला महाग आणि कानाला घातक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

बारामती आणि इंदापूर हे तालुके ऐकणाऱ्यांचे तालुके होत. मोरोपंतांनी बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पुराण सांगितले. त्या काळी वक्त्याचा गळा, मागची भिंत आणि जवळ सरकून बसलेले श्रोते एवढेच साहित्य होते. १६८५ साली सुरू झालेला तुकोबांचा पालखी सोहळाही याच वाटेने जातो. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडी व इंदापूर येथील रिंगणे प्रसिद्धच आहेत. एवढा जनसमुदाय शतकानुशतके विजेवाचून एका तालात चालला. टाळ आणि मृदंग हे त्याचे ध्वनिक्षेपक. चोपदाराचा उंचावलेला दंड ही शांततेची खूण.

तथापि शब्द हजारोंना कळावा, ही गरज जाहीर सभांच्या युगात उत्पन्न झाली. १९०६ साली ली डी फॉरेस्ट याने तीन अग्रांची निर्वात नळी केली आणि तिच्यामुळे क्षीण विद्युत्-लहर मोठी करणे शक्य झाले. १९१५ मध्ये अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी कर्णा जोडलेला ध्वनिक्षेपक लोकांसमोर वाजवून दाखवला. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी शंकूच्या आकाराच्या कागदी पडद्याचा ध्वनिक्षेपक मांडला. आज घरोघरी आहेत ते त्याचेच वंशज. आपल्याकडे नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ या संस्थेने स्वातंत्र्यलढ्यातील सभांना ही यंत्रे पुरवली. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पुढाऱ्याचे वाक्य पुरे ऐकू येऊ लागले, हे या यंत्राचे मोठे लोकोपकारी कार्य होय.

आता खर्चाचा हिशेब पाहू. ध्वनिक्षेपकाला एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज निघतो, यास त्याची संवेदनशीलता म्हणतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. १० डेसिबल चढवायचे तर वॅट दहापट लागतात, आणि तेव्हा कुठे कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. समजा, एका ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता ८७ आहे आणि दुसऱ्याची ९७. पहिला १०० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढाच दुसरा १० वॅटवर वाजेल. म्हणजे ज्याने ध्वनिक्षेपक पारखून घेतला, त्याचा वर्धकाचा खर्च आपोआप उतरला. कर्णा येथेच उपयोगी पडतो. साध्या पडद्याचा ध्वनिक्षेपक आलेल्या विजेतील सुमारे शंभरावा भाग ध्वनीत बदलतो. चांगला कर्णा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक.

पेटीचे महत्त्वही तितकेच. उघड्या पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना मारतात आणि खर्जाचा स्वर नाहीसा होतो. पेटी मागची लहर कोंडून धरते. पेटीला हिशेबाने भोक ठेवले तर तीच लहर खर्जाच्या कामी येते, ही युक्ती थुरास याने १९३० च्या सुमारास काढली. पेटी आणि भोक यांचे गणित ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ मध्ये बसवून दिले. घरी पेटी करणाऱ्याने १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड घ्यावे, आत आडव्या पट्ट्या ठोकाव्या, सांधे सरसाने बंद करावे. लहान पेटी, खोल खर्ज आणि मोठा आवाज ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत. एक सोडावेच लागते.

वर्धक घेताना पुठ्ठ्यावर छापलेल्या हजारो वॅटच्या आकड्याला भुलू नये; सतत किती वॅट देतो ते विचारावे. ओहमचे माप जुळवावे: आठ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडले की चार ओहम होतात, आणि तेवढे सोसणारा वर्धक हवा. वर्धक कुवतीबाहेर ताणला की लहरींचे माथे छाटले जातात; त्यात बारीक स्वरांचे ध्वनिक्षेपक जळतात.

उरला कान. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मागच्याला ऐकू जावे म्हणून पुढे एकच भिंत उभी केली, तर पुढच्या रांगेतील पोरांच्या कानांचा बळी जातो. ८५ डेसिबल आठ तास सोसता येते, असा कारखान्यांतील कामगारांसाठी मानलेला एक हिशेब आहे. प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही रात्रीची बंदी उचलून धरली.

यावर उपाय महाग नाही. एका भिंतीऐवजी चार लहान कर्णे खांबांवर उंच, श्रोत्यांत वाटून लावावे. शेवटच्याला शब्द कळतो आणि पहिल्याला इजा होत नाही. उत्सवात वाजवावे, नाचावे, याला आमची ना नाही. मात्र कर्णा कानासाठी आहे, कान कर्ण्यासाठी नव्हे. ज्या वाटेने पालखी जाते, त्या वाटेवरच्या गावांना हे नव्याने सांगावे लागू नये.