पुढे सरकलेली तटबंदी : १९७४ चा डच संघ

१/ ७ जुलै १९७४, म्युनिक. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला नेदरलँड्सने पेनल्टीवर गोल केला. तोवर पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय चेंडूला लागला नव्हता. तरीही जर्मनीने सामना २-१ असा जिंकला. हे कसे घडले?

२/ डच प्रशिक्षक रिनस मिशेल्स यांनी १९६५ पासून आयाक्स संघात एका नव्या खेळाची पायाभरणी केली होती. चेंडू गमावला तरी मागे हटायचे नाही. सर्वांत जवळच्या खेळाडूने चेंडूवर झडप घालायची, इतरांनी पासच्या वाटा रोखायच्या आणि बचावफळीने थेट मध्यरेषेकडे सरकायचे. हेच ‘प्रेसिंग’.

३/ याचे बळ दुहेरी होते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच परत मिळे, आणि मागे मोकळ्या पडलेल्या मैदानाची राखण ऑफसाइडचा नियम करी. त्या काळी बचावपटूच्या समरेषेत असलेला आक्रमकही ऑफसाइड ठरे. ही तरतूद १९९० मध्ये बदलली. अंतिम सामन्यापूर्वीच्या ६ लढतींत डच संघाने १४ गोल केले. त्यांच्यावर झाला एकच, तोही स्वयंगोल.

४/ परंतु या पद्धतीने संघाची घडणच बदलली. मूळचा मध्यरक्षक आरी हान बचावफळीच्या मध्यभागी खेळत होता. गोलरक्षक यान योंगब्लूट गोलक्षेत्राबाहेर येऊन पायाने खेळण्यासाठी ओळखला जाई. प्रेसिंग हाच खरा बचाव होता. त्यामागची तटबंदी पातळ होती.

५/ अंतिम सामन्यात आघाडी मिळताच डच खेळाडू चेंडू आपसात फिरवत राहिले, दडपण ओसरले. २५व्या मिनिटाला पॉल ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली. ४३व्या मिनिटाला राइनर बोनहॉफने उजव्या बगलेने मुसंडी मारली, हानला मागे टाकून चेंडू आत दिला आणि गर्ड म्युलरने वळून तो जाळ्यात धाडला.

६/ उत्तरार्धात दुसरी उणीव उघडी पडली. डच आक्रमणे थांबली नाहीत, पण जर्मन आता स्वतःच्या गोलपुढे दाटीने उभे होते. चेंडू आपल्याकडेच असताना तो हिसकावायचा कोणाकडून?

७/ पुढे आरिगो साकी यांनी मिलान संघात बचाव, मध्य आणि आघाडी या तिन्ही फळ्यांमधील अंतर आखडून हीच पद्धत अधिक शिस्तबद्ध केली. १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन चषक जिंकला. मूळ अट मात्र तीच राहिली : सर्वांनी एकाच क्षणी पुढे सरकायचे. एक जण जरी थांबला, तरी त्याच्यामागचे मोकळे मैदान प्रतिस्पर्ध्याचे होते.