मेंदूतील अंतःस्तर-पेशी : औषधोपचार

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. या पेशींचे बिघडलेले कार्य सुधारणारी औषधे हा या नोंदीचा विषय आहे.

कार्य व बिघाड : या पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असल्याने रक्तातील अपायकारक घटक मेंदूत शिरत नाहीत. त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. त्यामुळे वाहिनीचे स्नायू सैलावतात आणि बिंबाणू चिकटत नाहीत. वाहिनी सैलावण्यातील अंतःस्तराची भूमिका रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवली. त्यांना लुई इग्नॅरो व फरीद म्यूराद यांच्यासह १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांमुळे या पेशी दुबळ्या होतात. सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारात त्याची परिणती लहान पक्षाघात, श्वेतद्रव्याची हानी, अडखळती चाल आणि स्मृतिभ्रंश यांत होते.

श्वेतद्रव्याशी संबंध : पक्षाघातप्रवण उंदरांवरील अभ्यासात एडिंबरो येथील संशोधकांना २०१८ मध्ये असे आढळले, की बिघडलेल्या अंतःस्तर-पेशींच्या स्रावामुळे श्वेतद्रव्यातील मज्जावरण घडवणाऱ्या पेशी पुरत्या परिपक्व होत नाहीत. अंतःस्तर सुधारणारी औषधे दिल्यावर ही हानी रोखता आली.

औषधे : आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे हृदयविकारातील जुने औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवते. सिलोस्टॅझॉल फॉस्फोडायएस्टरेज-३ या विकराला रोखून पेशीतील चक्रीय एएमपी वाढवते. ब्रिटनमधील लासी-२ चाचणीत (२०२३) लहान पक्षाघात झालेल्या ३६३ रुग्णांना ही औषधे एकेकटी वा एकत्र देण्यात आली, तर काहींना दोन्ही दिली नाहीत. वर्षअखेर दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत परावलंबन व बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. मात्र चाचणीचा मुख्य हेतू असा उपचार व्यवहार्य आहे का, हे तपासण्याचा होता. परिणामकारकतेचा निर्णय मोठ्या चाचण्यांवरच करावा लागेल. स्टॅटिन औषधे कोलेस्टेरॉल घटवण्याबरोबरच नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर वाढवतात.

मर्यादा : पहिल्या दोन्ही औषधांनी डोकेदुखी होऊ शकते. हृदय निकामी होण्याचा विकार असलेल्यांस सिलोस्टॅझॉल वर्ज्य आहे.

महत्त्व : गुठळी रोखणारी औषधे सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारात पुरी पडत नाहीत, कारण येथे मूळ दोष वाहिनीच्या भिंतीत असतो. म्हणून अंतःस्तर सावरणे हे या उपचाराचे केंद्र ठरते. त्यासाठी तपासली जाणारी ही औषधे जुनी आणि परिचित आहेत. त्यांचा उपयोग सिद्ध झाल्यास तो सामान्य रुग्णालाही परवडू शकेल. तोवर रक्तदाब नियंत्रणात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हाच या पेशींच्या रक्षणाचा खात्रीचा मार्ग होय.