संकल्पाचा क्षण

मनुष्य आधीं ठरवितो आणि मग करितो, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे कीं न्याय, नीति व नित्याचा व्यवहार हीं तिन्ही तिच्यावरच उभीं आहेत. तिला धक्का देणाऱ्या एका प्रयोगाचा फार बोलबाला होतो. परंतु त्याचा पूर्वेतिहास पाहिल्यावांचून या वादाचें मर्म ध्यानांत येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या इतिहासाचा आरंभ मनाच्या नव्हे, आकाशाच्या अभ्यासांत झाला. ग्रिनिचच्या वेधशाळेंत घड्याळाचे ठोके कानांनीं मोजीत, दुर्बिणींतील तंतूवरून तारा कोणत्या क्षणीं गेला तें डोळ्यांनीं टिपीत. १७९६ सालीं तेथील प्रमुख मॅस्केलीन यानें किनब्रुक नामक साहाय्यकास कामावरून दूर केलें. कां, तर त्याच्या नोंदी मॅस्केलीनच्या नोंदींहून सुमारें ०.८ सेकंद मागें पडत. पुढें कोनिग्सबर्गच्या बेसेलनें दाखविलें कीं, निष्णात ज्योतिष्यांतहि असें अंतर पडतें व तें माणसागणिक निराळें असतें. १८५० सालीं हेल्महोल्ट्झनें बेडकाच्या मज्जातंतूंतील संदेशाचा वेग मोजला, तेव्हां तोहि सेकंदास अवघा तीस मीटरांच्या आसपास भरला. मनाच्या व्यापारांस वेळ लागतो, हें अशा रीतीनें कळून आलें.

१९६५ सालीं जर्मनींतील कॉर्नहुबर व डेके यांनीं प्रसिद्ध केलें कीं, स्वेच्छेच्या हालचालीपूर्वीं मेंदूंत विद्युद्दाबाचा मंद फरक होऊं लागतो. १९८३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील लिबेटनें कांहीं जणांस लहर येईल तेव्हां हात हलविण्यास सांगितलें, व इच्छा उद्भवली त्या क्षणीं तबकडीवर फिरणारा प्रकाशबिंदु कोठें होता, तें विचारलें. मेंदूंतील फरक हालचालीपूर्वीं सुमारें ०.५५ सेकंद सुरू होई. इच्छेची जाणीव अवघी ०.२ सेकंद आधीं. निर्णय मेंदूचा, मनास केवळ मागाहून वर्दी, असा अर्थ पुष्कळांनीं काढिला. लिबेट मात्र म्हणे कीं, उरलेल्या अवधींत मन ती क्रिया आवरूं शकतें.

आतां ग्रिनिच आठवावें. मेंदूची नोंद यंत्राची, इच्छेची नोंद माणसाच्या तोंडची. आणि दोहोंतील अंतर किनब्रुकच्या अंतराच्या निम्म्याहूनहि कमी! लिबेटनें त्वचेवरील स्पर्शाचा क्षण सांगावयास लावून ही चूक अजमाविली होती, हें खरें. परंतु स्पर्शाचा खरा काळ यंत्रास ठाऊक असतो. इच्छेच्या जन्मास असा दुसरा साक्षीदार नाहीं. शिवाय २०१२ सालीं शर्गर व त्याचे सहकारी यांनीं प्रतिपादिलें कीं, तो फरक निर्णयाचा नसून मेंदूंतील आपोआप होणाऱ्या चढउतारांच्या सरासरींतून तसा दिसत असावा.

जाणीव मागें राहत नाहींच, असें आमचें म्हणणें नाहीं. पण लहरीनें हात हलविणें निराळें आणि रात्रभर विचार करून वचन देणें निराळें. ज्या साक्षीच्या आधारें एका गरीब साहाय्यकास दोषी ठरविणें अन्यायाचें झालें, तिच्याच आधारें सर्व मनुष्यजातीस दोषमुक्त ठरविणें न्यायाचें कसें होईल?