वाड्यांतील कचेरी

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके फार पूर्वींपासून अवर्षणाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. कालव्यांनीं कांहीं भागांत ऊंस आणला, तरी पावसाचें मान बदललें नाहीं. ह्या कोरडेपणामुळेंच तिकडील जुन्या घरांवर मातीचें सपाट माळवद तग धरून राहतें. अशा एका माळवदी वाड्याची कचेरी करण्याचें काम चाललें असतां तें पाहण्याचा योग नुकताच शिरुरास आम्हांस आला. तेथें कारागिरांची तक्रार मोठी मौजेची होती. टेबल मांडलें कीं खोलींत अंधार पडतो, असें ते म्हणत!

खिडकी लहान नव्हती. ती खालीं होती. जुना वाडा जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या मापानें बांधलेला असतो. कारकून बैठकीवर मांडी घालून लिही. दौत-बोरू हाताशीं, दप्तराचे रुमाल कोनाड्यांत वा फडताळांत, आणि उजेड नेमका कागदावर. सदर ही कचेरीच होती. तेव्हां वाड्यांत कचेरी आणणें ही मुळींच नवी गोष्ट नव्हे. नवी आहे ती खुर्ची.

ह्या प्रांतांत खुर्चीची कचेरी प्रथम कोठें अवतरली हें शोधूं जातां दृष्टि शिरुराकडेच वळते. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेचें ठाणें येथें पडलें. कोरेगांवच्या लढाईस स्टॉन्टनची पलटण १८१७ च्या अखेरच्या रात्रीं येथूनच निघाली होती. छावणीबरोबर छावणीचे हिशेब आणि लेखनिकही आले असणारच. दौंडास हें काम आगगाडीनें केलें. पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला आणि १८७८ सालीं दौंड-मनमाड फांटा निघाला. स्टेशनाची कचेरी मात्र आरंभापासून उभ्या माणसासाठींच बांधलेली असते, हें तिच्या तिकिटांच्या खिडकीवरूनच दिसतें. म्हणून तेथें हा झगडा उद्भवलाच नाहीं.

तो उद्भवला पुण्यांत. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं चॅप्लिन साहेबांनीं संस्कृत पाठशाळा उघडली. विद्यार्थी जमिनीवर बसणारे, तेव्हां वाड्यास ती सहज मानवली असावी. पुढें पाठशाळेचें कॉलेज झालें, आणि १८६८ च्या सुमारास त्यानें येरवड्यास दगडी इमारत गांठली. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवार वाडा जळाला, विश्रामबागेसही आग लागली. शनिवारवाडा तर १८२८ सालींच भस्मसात् झालेला. पेशवाईचे हे तिन्ही लांकडी वाडे इंग्रजी अमलांत आगीच्या तोंडीं सांपडले, ही गोष्ट आजही विजेच्या तारा ओढणाऱ्यानें ध्यानीं धरण्यासारखी आहे. सुरूच्या खांबांचा विश्रामबाग दुरुस्त होऊन उभा राहिला, आणि १९३० पासून सुमारें तीस वर्षें नगरपालिकेच्या कचेऱ्या त्यानें अंगावर वागविल्या.

शिरुराच्या वाड्यांत दोन गोष्टींबद्दल आमचा आग्रह होता. पहिली खणाची. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. वाड्याचें ओझें बव्हंशीं खांब-तुळयांवर असतें, मधल्या पडद्यांवर नव्हे. म्हणून आंतील पडभिंत काढून मोठें दालन करतां येतें, पण खांब अडचणीचा वाटला तरी काढतां येत नाहीं. टेबलांची मांडणी खणावरून ठरवावी. खांबाच्या दोन्ही बाजूंस दोन माणसें सुखानें बसतात. चौकावर काचेचें छप्पर घालून तो थंड करण्याचा बेत आम्हांस मुळींच पसंत पडला नाहीं; वाड्याचा श्वास त्या चौकांतून चालतो. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करणेंही तितकेंच घातक. ओल आंत कोंडते, आणि मागाहून वाळवी येते. तेथें चुनाच हवा.

दुसरी गोष्ट माळवदाची. दर दोन-चार वर्षांनीं गळती थांबविण्यासाठीं वर नवी माती टाकीत गेल्यानें ओझें पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातें, आणि तुळईस बाक येतो. तो डोळ्यांस दिसतो म्हणूनच घर वांचतें. आतां कचेरीस शोभा यावी म्हणून खालून पांढऱ्या तक्त्यांचें खोटें छत टांगावयाचें ठरलें आहे. तें एकदां बसलें कीं तुळईचें टोंक भिंतींत कुजूं लागलें तरी कोणास कळणार?

टेबलांचा प्रश्न सुटला. खिडक्यांपाशीं वीतभर उंचीची बैठक केली, आणि हिशेबनीस मांडीवर संगणक घेऊन तेथें बसूं लागला. छताविषयीं मात्र आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, प्रत्येक तुळईच्या टोंकाशीं एक तक्ता उघडतां येईल असा ठेवावा. मालकांनीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. सुतार मृगापूर्वीं काम संपविणार आहे.